बांध आणि उघाडी

रोह्याला लागून असलेल्या वरसेहून कुंडलिकेच्या काठाने रेवदंड्याच्या दिशेला निघाले की पुढे खाडीलगतच्या खारजमिनी लागतात. खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचवायची तर बांध हवा, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण नुसत्या बांधाने भागत नाही. पावसाचे पाणी बांधाच्या आत, शेतातच पडते. त्याला वाट म्हणून बांधात उघाडी ठेवतात. भरतीच्या वेळी तिची दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी खाडीत सोडतात. उघाडी बुजली, तर बांध कितीही भक्कम असला तरी शेत आतल्याच पाण्याने कुजते.

मनाच्या बाबतीत आपण बहुतेक जण फक्त बांध घालायला शिकलेलो असतो. ‘असले विचार मनात आणू नकोस’, ‘रडायचं नाही’, ‘लक्ष दुसरीकडे वळव’ हे सल्ले आपण प्रेमाने देतो आणि घेतोही. बाहेरचे संकट अडवावे, टाळावे, हा नियम बाहेरच्या जगात खरा ठरतो. भीती, दुःख, लाज आणि नकोसे विचार मात्र पावसासारखे आत पडतात. त्यांचे काय करायचे, या प्रश्नाला मानसशास्त्राने गेल्या चार दशकांत दिलेले एक उत्तर म्हणजे स्वीकाराधिष्ठित उपचारपद्धती.

एक उदाहरण कल्पू. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा पंचेचाळिशीचा एक गृहस्थ. एके दिवशी दिवा-रोहा गाडीच्या गर्दीत त्याची छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, आता आपण मरतो असे वाटते. इसीजी आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित येतात. पण ‘पुन्हा तसे झाले तर?’ हा विचार घरात मुक्कामाला येतो. तो आधी गाडी सोडतो, मग एसटी. लग्नकार्ये टळतात. ठाण्याला शिकणाऱ्या मुलीकडे जाणे पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. टाळले की तेवढ्यापुरते हायसे वाटते, आणि या हायसे वाटण्यातूनच टाळण्याची सवय घट्ट होते. वर्षभरात त्याचे जग घर आणि कारखाना एवढेच उरते. धडधड काही मिनिटांची होती. तिच्यापासून पळण्यात वर्ष गेले.

विचार दाबून का जात नाही, याची साधी परीक्षा डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि तरीही तो आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर, ज्यांनी तो आधी दाबला होता त्यांच्या मनात अस्वल अधिकच वेळा आले. विचार आला का, हे तपासत राहायचे म्हणजे त्याची आठवण जागी ठेवणेच होय.

मराठी वाचकाला मनाशी वाद घालण्याची रीत परिचयाची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांनी लेखन-व्याख्यानांतून ती घरोघरी नेली. तिचा भर अविवेकी समजुती तपासून बदलण्यावर. ‘मी मरेनच’ याला पुरावा काय, असा प्रश्न ती विचारते. अनेकांना त्याने खरोखर आधार मिळाला आहे. पण काही विचार असे असतात की त्यांच्याशी वाद जिंकला तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे. काही तर खरेच असतात: आई आता परत येणार नाही, हे दुखणे बरे होणारे नाही. तिथे वाद तरी कोणाशी घालायचा?

स्टीव्हन हेज यांची वाट इथे वेगळी होते. १९७८ साली विद्यापीठातल्या विभागाच्या एका बैठकीत बोलायची पाळी आली आणि भीतीने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तरुण प्राध्यापक, तोही मानसशास्त्राचाच. भीतीला हरवण्याचे सारे उपाय करूनही पुढे काही वर्षे ती वाढतच गेली. या अनुभवातून आणि पुढच्या संशोधनातून त्यांनी सहकाऱ्यांसह जी पद्धत उभी केली, तिचे सविस्तर पुस्तक १९९९ मध्ये आले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘अ‍ॅक्ट’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थच ‘कृती करा’ असा आहे.

या पद्धतीत विचार खरा की खोटा याआधी विचारतात, की त्याच्यामागे गेल्याने तुमचे आयुष्य कुठे जाते? पहिली पायरी विचार आणि आपण यांत थोडे अंतर पाडण्याची. ‘मी मरणार’ याऐवजी ‘मी मरणार असा विचार मला येतो आहे’ असे म्हणून पाहा. दुसरा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीचा आहे, टिचनर या मानसशास्त्रज्ञाचा: ‘दूध’ हा शब्द अर्धा-पाऊण मिनिट मोठ्याने, भराभर म्हणत राहा. पांढरे, कोमट, साय धरलेले दूध हळूहळू नाहीसे होते आणि उरतो नुसता आवाज. ‘नालायक’ या शब्दाचेही असेच होऊ शकते.

दुसरी पायरी भावनेला जागा देण्याची. धडधड नेमकी कुठे आहे, घशात की छातीत, वाढते आहे की ओसरते आहे, हे न हुसकावता पाहणे. विपश्यना केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. पण ‘अ‍ॅक्ट’ तेवढ्यावर थांबत नाही. भीती नसती तर तुम्ही काय केले असते, असे ती विचारते. आपला गृहस्थ म्हणेल, मुलीला भेटलो असतो. मग आधी रोहा स्थानकावर नुसते बसणे, नंतर नागोठण्यापर्यंत जाणे, आणि एके दिवशी ठाणे. धडधड सोबत असेल. ती थांबण्याची अट मात्र आता उरलेली नसते.

इथे एक रास्त शंका येते. ‘पदरी पडले पवित्र झाले’ म्हणणाऱ्या समाजाला, विशेषतः त्यातल्या बायकांना, आणखी स्वीकार कशाला शिकवायचा? म्हणूनच फरक नीट समजून घ्यायला हवा. स्वीकार आपल्या मनात उठणाऱ्या भावनेचा करायचा असतो, परिस्थितीचा नव्हे. मार खाणाऱ्या बाईने मार स्वीकारावा, असे ही पद्धत सांगत नाही. तक्रार करायला निघताना पोटात गोळा येईल, ‘लोक काय म्हणतील’ हा विचार सोबत चालेल, तरी पाऊल टाकता येते, असे ती सांगते. सोसण्यात माणूस जागच्या जागी राहतो. या स्वीकाराची कसोटीच ही, की तो माणसाला हलवतो का.

जागतिक आरोग्य संघटनेने याच विचारावर आधारलेली ताणाविषयीची सचित्र पुस्तिका २०२० मध्ये काढली. तिचाच गटात घ्यायचा, ध्वनिमुद्रित पाच सत्रांचा अवतार युगांडात दक्षिण सुदानच्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांवर तपासला गेला. ती सत्रे तज्ज्ञ नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी चालवली होती. तीन महिन्यांनंतरही सहभागी स्त्रियांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी आढळला. मानसोपचारतज्ज्ञ दूर असलेल्या आपल्या तालुक्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. मात्र ही जादूची कांडी नव्हे. चिंता-नैराश्याच्या इतर प्रस्थापित मानसोपचारांहून ती वरचढ आहे, असे सिद्ध झालेले नाही. तीव्र नैराश्य, भास-भ्रम, जीव देण्याचे विचार असतील तर डॉक्टर आणि औषधे हवीतच. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

खारजमिनीतला शेतकरी पाऊस थांबावा म्हणून बांध उंच करत नाही. तो उघाडीतला गाळ काढतो, पाण्याला वाट देतो आणि लावणीला लागतो.