आजोळच्या माठाची चव

मे महिन्याची दुपार. यवतमाळचा पारा ४३-४४ च्या घरात. दत्त चौकातली वर्दळ ओसरलेली, दुकानांपुढे हिरव्या जाळ्या ताणलेल्या आणि दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायला तयार नाही. अशा वेळी सावलीला टेकलेल्या पन्नाशी-साठीतल्या कोणालाही लहानपणच्या सुट्टीबद्दल विचारावं. तो उन्हाचं फारसं सांगत नाही. सांगतो ते आजोळच्या माठातलं पाणी, कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास, पाण्याच्या टाक्यात दिवसभर बुडवून ठेवलेलं टरबूज, पहाटे कुरडया घालायच्या आधी वाटीत मिळणारा गरम चीक आणि रात्री अंगणात ओळीने टाकलेल्या बाजा. चीक सोडला तर सगळ्या आठवणी गारव्याच्या. राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांपैकी एका भागातल्या माणसाला उन्हाळा असा गार का आठवत असावा?

याचं एक उत्तर शरीरशास्त्रात सापडतं. मिशेल काबानाक या शरीरशास्त्रज्ञाचा सुखाच्या संवेदनेवरचा लेख १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यामागचा प्रयोग अगदी साधा होता. माणसाला कोमट, गरम किंवा गार पाण्याच्या टबात बसवायचं. शरीराचं आतलं तापमान थोडं वर किंवा खाली सरकलं, की त्याला एक हात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवायला सांगायचं आणि विचारायचं, कसं वाटतं? अंग तापलेलं असताना गार पाणी हवंहवंसं वाटे. अंग गारठलेलं असताना तेच पाणी नकोसं होई. हात तोच, पाणीही तेच, पण शरीराला त्या घडीला कशाची गरज आहे यावर त्याचं सुख ठरत होतं. काबानाकने याला ‘अ‍ॅलिस्थेशिया’ असं नाव दिलं. तहानेचं आणि भुकेचंही असंच आहे. पहिल्या ग्लासाची गोडी तिसऱ्याला नसते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. पण ती का नसते, याचं उत्तर या प्रयोगाने दिलं.

दुपारी मामीची नजर चुकवून विटीदांडू खेळायला पळालेलं पोर घामाघूम होऊन परत येतं आणि माठाशी उभं राहून घटाघटा पाणी पितं, तेव्हा त्याला मिळणारं सुख म्हणजे शरीराने दिलेली पावती असते : बिघडलेला तोल परत जागेवर येतो आहे. दिवसभर २२ अंशांवर लावलेल्या एसीच्या खोलीत बसलेल्या मुलाला काही त्रास नसतो, पण तो घोटही त्याच्या वाट्याला येत नाही.

माठ स्वतः काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या बाजूने त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी माठातल्याच पाण्यातून घेतली जाते. हा खेळ कोरड्या हवेत उत्तम जमतो. तापमान ४३ अंश असलं आणि हवेत १५ टक्केच आर्द्रता असली, तर बाष्पीभवनाने पाणी साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात माठ तिथवर पोहोचत नाही, पण त्याच्या दिशेने बराच पुढे जातो. मुंबईच्या दमट हवेत तापमान दहा अंशांनी कमी असूनही माठ इतकी कमाल दाखवत नाही. विदर्भात घरोघरी दिसणारा कुलर कोकणात का दिसत नाही, याचंही हेच कारण. कोकणातून यवतमाळला लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या उन्हाळ्यात कुलरचं अप्रूप वाटतं ते उगीच नाही.

गारवा गेला तरी वास मागे राहतो. इतर संवेदना मेंदूत शिरताना आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात. वासाची वाट वेगळी आहे. नाकातून आलेला संदेश थॅलॅमसला वळसा घालून भावनेशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांजवळ थेट पोहोचतो. स्टॉकहोमच्या योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये वृद्ध माणसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शब्द किंवा चित्र दाखवल्यावर या मंडळींना बहुतेक किशोरवयातलं आणि तरुणपणातलं आठवे. वास दिल्यावर मात्र आठवणी वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघत.

यवतमाळच्या पिढ्यांकडे असे वास भरपूर आहेत. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी नॅरोगेजची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. ११३ किलोमीटरला जवळपास सगळा दिवस घेणाऱ्या या गाडीने जे आजोळी गेले, त्यांना कोळशाच्या धुराचा वास आजही सुट्टीचा वास वाटतो. गाडी आता बंद आहे. झरी-जामणी, पांढरकवडा, घाटंजीकडच्या कोलाम आणि गोंड मुलांच्या सुट्टीला मोहफुलांचा जड गोड वास, टेंभरं आणि चारं यांची चव. अर्थात या मुलांची सुट्टी निव्वळ सुट्टी नव्हती आणि आजही नसते. मोहफुलं पहाटे वेचावी लागतात आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात मुलंही आईबापाबरोबर जंगलात असतात. आजोळच्या गार माठाबद्दल बोलताना तो भरायला मामी किती लांबून पाणी आणत होती, हेही आठवायला हवं. मुलांच्या आठवणीत तो फेरा सहसा येत नाही.

जुन्या दिवसांची ओढ ही एके काळी व्याधी समजली जात असे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या आठवणीने खंगणाऱ्यांच्या आजाराला दिला होता. आज मानसशास्त्राचं मत बरंच बदललं आहे. ब्रिटनमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की अशा आठवणींत माणूस क्वचितच एकटा असतो. त्यात जवळची माणसं असतात आणि त्या आठवल्यावर आपण कोणाचे तरी आहोत ही भावना बळावते. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरात दोघंच म्हातारे, हे चित्र आता यवतमाळलाही नवं नाही. अशा घरी सुट्टीत नातवंडांनी ‘आबाजी, तुमच्या वेळी काय होतं?’ एवढं विचारलं तरी दुपार जाते.

मात्र इथे एक धोका आहे. गार पाणी सुखद वाटणं ही शरीराची सूचना असते, आणि वयाबरोबर ही सूचना मंद होते. साठी-सत्तरीनंतर तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. ‘मला काही नको, मी बरा आहे’ असं म्हणणारे आबाजी खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच जाणवत नसतं. त्यांच्या तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी, ताक किंवा पन्हं हातात द्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती प्यायचं आणि मीठ किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. तान्ह्या बाळांनाही सांगता येत नाही. उन्हातून खेळून आलेल्या मुलाची तहान तर पहिल्या काही घोटांतच भागते, शरीरातली तूट भरायला त्याहून बरंच अधिक पाणी लागतं. म्हणून थोड्या वेळाने त्याला पुन्हा प्यायला लावणारी आजी शास्त्राला धरूनच असते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, याला मात्र आधार नाही. कांदा ठेवावा, पण त्याच्या भरवशावर भरदुपारी हिंडू नये. अंग तापलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, झोकांड्या देतो आहे किंवा शुद्ध हरपते आहे, असं दिसलं तर ते साधं ऊन लागणं नव्हे. उष्माघात समजून १०८ ला फोन करावा, सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

अंगणातल्या बाजांचंही असंच आहे. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान किंचित उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर जाते. कोरड्या, निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकते. संध्याकाळी सडा मारलेलं अंगण मध्यरात्रीपर्यंत निवतं आणि पहाटे गोधडी शोधावी लागते. हल्ली अंगणाच्या जागी सिमेंट आलं, ते दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन रात्री बाहेर सोडतं. शिवाय रात्रीच अधिक गरम होऊ लागल्या आहेत. दिवसाचा पारा ४० च्या वर असताना रात्रीचं तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर हवामान खातं ती ‘उष्ण रात्र’ म्हणून नोंदवतं. अशा रात्री शरीराला दिवसाच्या तापातून सावरायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी चिडचिड करणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी त्याची झोप झाली का, हे पाहावं.

विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मृगाचा पहिला पाऊस पुष्कळांच्या वाट्याला आजोळीच यायचा. त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दिलं. उत्तर भारतातले अत्तरवाले तो त्याआधीपासून कुपीत भरून विकत होते, याची नोंद त्यांच्या लेखातच आहे. त्या वासातला जिओस्मिन हा घटक मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे अवघे काही भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. नवा कोरा माठ पहिल्यांदा भरला, की त्यालाही जवळपास तसाच वास येतो. तो दोन-तीन दिवसांत जातो, म्हणून घरात सगळ्यात आधी पाणी प्यायला मुलांची झुंबड उडते.