गीझरची ज्योत आणि गॅसचा दाब

थंडी पडली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "अहो, गीझर नीट पेटतच नाही. गॅसचं प्रेशर कमी झालंय वाटतं!" मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावणं जातं. तो येतो, पान्यानं काहीतरी पिळतो, "वहिनी, प्रेशर वाढवून दिलंय बघा," म्हणतो आणि पैसे घेऊन चालता होतो. आपणही खूश!

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नाशिकला माझी धाकटी जाऊ अशीच खूश झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पुतणी बाथरूममध्ये धाडकन पडली. दार आतून बंद. कडी तोडून तिला बाहेर काढावं लागलं. ती वाचली, आता ठणठणीत आहे. पण तेव्हापासून "प्रेशर वाढवून दिलंय" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. जरा निवांतपणे वाचा, कुकरच्या शिट्या होईपर्यंत वाचून होईल.

मुळात हा दाब म्हणजे काय ते आधी पाहू. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये गॅस दाबून द्रवरूपात भरलेला असतो. आतला दाब हवेच्या उष्णतेप्रमाणे कमी-जास्त होतो, पण साधारणपणे तो शेगडीला लागणाऱ्या दाबाच्या शंभर पटींहूनही जास्त असतो. तो तसाच बर्नरपर्यंत आला तर स्वयंपाकघराची भट्टीच व्हायची! मध्ये बसून त्याला वेसण घालतो तो रेग्युलेटर. त्याच्या पोटात रबराचा एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि वाट अरुंद होते, कमी झाला की वाट रुंद होते. घरगुती रेग्युलेटर कारखान्यातूनच ठरावीक दाबाला लावून येतो. त्याची चावी फक्त चालू आणि बंद करण्यासाठी असते. ती अर्धवट ठेवून आच कमी करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. आणि वरच्या बाजूला बारीक भोक दिसतं ना, ते पडद्याला श्वास घेण्यासाठी आहे. स्वच्छतेच्या भरात त्यात पीठ, तेल, साबण जाऊ देऊ नका.

हा ठरलेला दाब किती, हे मोजायची रीत फार सोपी आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी घेतात, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरतात आणि एक टोक गॅसच्या वाटेला जोडतात. गॅस सोडला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. सिलिंडरच्या गॅसला हा फरक साधारण ३० सेंटिमीटर यायला हवा. पाइपच्या गॅसला तो कमी, साधारण २१ सेंटिमीटर. चांगला कारागीर हे माप दोनदा घेतो, एकदा सगळं बंद असताना आणि एकदा गीझर व शेगडी दोन्ही पेटवून. पेटवल्यावर पाणी एकदम खाली बसलं, तर नळी तुंबलेली किंवा दबलेली असते, नाहीतर रेग्युलेटर थकलेला असतो. हे मोजमाप तुम्ही आपण करायचं नाही. एजन्सीच्या माणसाकडून समोर उभं राहून करून घ्यायचं. "मोजून दाखवा" असं म्हटलं की खरा कारागीर आणि नुसता पाना फिरवणारा यांतला फरक लगेच कळतो!

आता नाशिकला काय घडलं ते ऐका. गीझर पेटत नव्हता आणि पेटला तर मध्येच विझत होता. मेकॅनिकनं काही न मोजता घरगुती रेग्युलेटर काढला आणि हॉटेलच्या भट्ट्यांना लावतात तो, चावी पिळून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर बसवला. ज्योत अशी भडकली की पाणी पाच मिनिटांत चटके बसण्याइतकं गरम! पण ती ज्योत निळी नव्हती, पिवळी आणि लांब जिभेची होती. दोन दिवसांत गीझरच्या वरच्या कडेला काजळी धरली. जावेनं ती पुसून काढली. तिला वाटलं, नवीन नवीन आहे म्हणून असेल.

बायांनो, ती काजळी म्हणजे गीझरनं मारलेली हाकच होती. गॅस जास्त आणि हवा अपुरी झाली की तो पुरता जळत नाही, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, पण जळून तयार झालेल्या या वायूला काहीच वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. समोरची कडी दिसत असते, पण हात उचलत नाही.

त्यात थंडी वाजते म्हणून पुतणीनं झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलं होतं आणि दार लावून शॉवरखाली दहा-बारा मिनिटं उभी होती. दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं, फिट आली. जावेला ऐनवेळी सुचलं आणि तिनं सांगितलं, "डॉक्टर, बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे हो." लगेच ऑक्सिजन लावला गेला. हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. कुणी न्हाणीघरात चक्कर येऊन पडलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणायचं, गीझर बंद करायचा आणि डॉक्टरांना गीझरबद्दल आपणहून सांगायचं.

आमच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब होता. त्याचा धूर डोळ्यांत गेला की माणूस आपसूक दूर सरकायचा. शिवाय बंबाचं पाणी बादलीत काढून न्यायचं असे. गॅसच्या गीझरलाही तीच बादलीची पद्धत बरी. दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, थोडी हवा खेळू द्यायची, मग दार लावून आंघोळ. एकामागून एक चौघांनी आंघोळी करायच्या असतील, तर मध्ये दार-खिडकी उघडायला विसरू नका. गीझर मुळात बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवून गरम पाण्याचा पाइप आत आणला तर सर्वांत उत्तम. काही नव्या गीझरांत प्राणवायू कमी झाला की ज्योत बंद होण्याची सोय असते. असली तर चांगलंच, पण तिच्या भरवशावर झरोका बंद करू नका.

आणि त्या गीझरचं खरं दुखणं काय निघालं माहीत आहे? गॅसचा दाब अगदी योग्य होता! पाणी आत येतं तिथे एक बारीक जाळी असते, ती क्षारानं आणि गाळानं गच्च भरली होती. गीझरची गॅसची झडप पाण्याच्या जोरावर उघडते. नळ सोडला की पाणी आतल्या पडद्याला ढकलतं, मग ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. पाण्याला जोर नाही तर गॅस नाही. म्हणून गीझर पेटेना झाला की आधी बादलीत पाण्याची धार बघा. टाकी जवळच्याच मजल्यावर असेल, तर धार मुळातच बारीक असते. मग सेल बदलून पाहा, ठिणगी त्याच्यावरच पडते. मग जाळी साफ करून घ्या. पाणी फार कढत येत असेल, तर गॅसचं बटण कमी करा. पाणी कमी करू नका, त्यानं ते आणखीच तापतं.

आच खरोखरच मंदावते तीही कधीकधी, विशेषतः पहाटेच्या थंडीत आणि सिलिंडर संपत आला असताना. गीझर एकटा शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस ओढतो. इतक्या वेगानं द्रवाचा वायू होताना सिलिंडर गार पडतो, बाहेरून पाणी सुटतं आणि दाब घसरतो. अशा वेळी सिलिंडरवर कढत पाणी ओतणं, तो आडवा करणं, हलवणं हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. ते जिवाशी खेळ आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो. सिलिंडर थोडा वेळ विसावू द्या, नाहीतर दुसरा लावा.

ज्योत वाचायला मात्र तुम्ही शिकाच. निळी, स्थिर, आवाज न करणारी ज्योत म्हणजे सगळं ठीक. बर्नरपासून सुटून वर उडणारी आणि सूं सूं करणारी असेल, तर दाब किंवा हवा जास्त. भप्प आवाज करून आत शिरणारी असेल, तर दाब कमी. पिवळी असेल आणि भांड्याची बुडं काळी करत असेल, तर हवा कमी, बर्नर तुंबलेला किंवा जेटचं भोक मोठं झालेलं. हे पितळी भोक सुईनं टोकरू नका, केसाइतकं रुंद झालं तरी फरक पडतो. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला असेल, तर शेगडीचे जेट बदलावे लागतात आणि गीझरही त्या गॅससाठी करून घ्यावा लागतो. फिटिंगच्या गडबडीत शेगडीचं काम होतं आणि गीझर राहून जातो. त्या माणसाला जाण्याआधी विचारा.

गळतीची शंका आली तर काडी नव्हे, साबणाचा फेस लावून पाहा. गॅसचा वास घरभर असेल, तर दिव्याच्या बटणाला हातही न लावता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की ती बदलायची.

जावेच्या घरी आता गीझर गॅलरीत आहे. जुना रेग्युलेटर एजन्सीच्या माणसानं मोजून परत लावून दिला, पाण्याचा फरक बरोबर ३० सेंटिमीटर. झरोक्यातला कागद मात्र पुतणीनं स्वतः स्टुलावर चढून काढला.