दत्तकपूर्व गृहभेट : काय पाहतात, काय विचारतात?

कोल्हापूरला दत्तक ही गोष्ट नवी नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून इतिहासात अमर झाले. त्या काळी दत्तकाचा विचार प्रामुख्याने घराण्याच्या बाजूने होत असे. गादीला किंवा वंशाला वारस हवा, म्हणून मूल हवे. आजच्या कायद्याने हा क्रम उलटा केला आहे. घराला मूल मिळवून देणे हा त्याचा हेतू नाही; मुलाला योग्य घर मिळवून देणे हा आहे. दत्तकेच्छू पालकांच्या घरी सामाजिक कार्यकर्ता येतो आणि नाना प्रश्न विचारतो, त्यामागचे कारण या बदलात आहे.

या भेटीविषयी अनेक कुटुंबांच्या मनात धास्ती असते. घर लहान आहे, नोकरी खासगी आहे, सासूबाईंना हा विचार अद्याप पटलेला नाही; मग आपण ‘नापास’ होणार का, अशी शंका येते. प्रक्रिया नीट समजून घेतली, तर ही धास्ती बरीच कमी होते.

अहवाल कोण तयार करतो?

अनाथ, सोडून दिलेल्या किंवा पालकांनी संस्थेच्या स्वाधीन केलेल्या मुलांचे दत्तकविधान बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि दत्तक विनियम, २०२२ यांनुसार होते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नोंदणी करून कागदपत्रे सादर करावी लागतात. त्यानंतर ६० दिवसांत ‘गृह अध्ययन अहवाल’ पूर्ण होणे अपेक्षित असते. मान्यताप्राप्त दत्तक संस्थेचा किंवा शासकीय बाल संरक्षण यंत्रणेशी संलग्न सामाजिक कार्यकर्ता तो तयार करतो. कोल्हापुरात बालकल्याण संकुलासारख्या संस्थेमुळे हे काम शहराला परिचित आहे. एकदा झालेला अहवाल ३ वर्षे ग्राह्य धरला जातो. प्रतीक्षा त्याहून लांबल्यास त्याचे नूतनीकरण करावे लागते.

अशा अहवालाची प्रथा जुनी आहे. परदेशी दत्तकविधानातील गैरप्रकारांसंबंधी लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला. त्यात परदेशी पालकांच्या घराची अशी पाहणी आवश्यक ठरविण्यात आली. पुढे देशांतर्गत दत्तकविधानातही हे तत्त्व रुजले.

कोणती माहिती विचारली जाते?

जन्मतारीख, निवास, विवाह, उत्पन्न आणि आरोग्य यांचे दाखले, तसेच परिचितांची शिफारसपत्रे लागतात. घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. एकट्या व्यक्तीने अर्ज केल्यास, तिचे काही बरेवाईट झाले तर मुलाचा सांभाळ कोण करील, याविषयी नातेवाइकाचे हमीपत्र घेतले जाते. विवाहित जोडप्याच्या बाबतीत किमान २ वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन अपेक्षित असते. २ वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

प्रत्यक्ष भेटीत कागदांपेक्षा माणसांना महत्त्व असते. मूल का हवे, पती-पत्नी दोघांचीही मनापासून तयारी आहे का, अपत्य न होण्याचे दुःख काही अंशी तरी निवले आहे का, घरातील वडीलधाऱ्यांचे मत काय, आधीचे अपत्य असल्यास त्याला काय वाटते, हे विचारले जाते. कार्यकर्ता पती-पत्नींशी एकत्र बोलतो, तसाच स्वतंत्रपणेही बोलू शकतो. घराची स्वच्छता, मुलासाठी जागा, शाळा-दवाखान्याची सोय, शेजार यांचीही तो नोंद घेतो. घर भाड्याचे आहे किंवा दोन खोल्यांचे आहे, एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. शेतीवर चालणाऱ्या कुटुंबानेही संकोच करू नये. उत्पन्नाचा रीतसर दाखला द्यावा आणि वर्षाचा खर्च कसा भागतो, ते सरळ सांगावे.

मोकळेपणा महत्त्वाचा

घर सजविणे, उत्तरे पाठ करणे, आजार किंवा कर्ज लपविणे यांतून काहीच साधत नाही. नियंत्रणात असलेला मधुमेह मोकळेपणाने सांगितला, तर त्यावर चर्चा होऊ शकते. तो दडवला आणि पुढे उघड झाला, तर विश्वासच डळमळतो. सासूबाई नाराज असतील, तर तेही सांगावे. अशा वेळी कार्यकर्ता त्यांच्याशी बोलून त्यांच्या शंका दूर करू शकतो. समुपदेशन हा या भेटीचाच भाग आहे.

एक प्रश्न मात्र अनेकांना अडखळवितो : मुलाला ते दत्तक असल्याचे कधी सांगणार? ‘कधीच नाही’ हे उत्तर प्रेमापोटी येत असले, तरी ते धोक्याचे आहे. पेठेत, गल्लीत, नात्यागोत्यात अशी गोष्ट फार काळ झाकून राहत नाही. परक्याच्या तोंडून कळलेले सत्य मुलाला अधिक घायाळ करते. शिवाय सज्ञान झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क कायद्यानेच त्याला दिला आहे.

भेटीनंतर

अपात्र ठरविल्यास त्याचे कारण कळविणे बंधनकारक आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. पात्र ठरल्यास ज्येष्ठतेनुसार प्रतीक्षा सुरू होते. मूल घरी आल्यानंतर दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. मूल घरी आल्यापासून २ वर्षे दर सहा महिन्यांनी त्याची खुशाली पाहिली जाते.

शुल्क ठरलेले असते. त्यापलीकडे देणगी मागणे नियमबाह्य आहे. ‘प्रतीक्षा नको, परस्पर मूल मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून तर चार हात दूरच राहावे. मुलांची खरेदी-विक्री हा ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे आणि असे मूल पुढे कुटुंबापासून काढून घेतले जाऊ शकते.

ज्या बाळाला स्वतःसाठी घर निवडता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी ते आधी पाहून येणे आवश्यक असते. मुलीचे लग्न ठरविताना आपण स्थळाची चौकशी करतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. गृहभेटीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. चौकशी जितकी नीट, तितके ते मूल त्या घरात निर्धास्तपणे वाढण्याची शक्यता अधिक.