आडात आहे, पण पोहऱ्यात नाही

रेशनच्या दुकानावर ‘साठा संपला’ ही पाटी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेली आहे. आपण चरफडतो आणि पिशवी हलवत परत येतो. साखर आठवड्याने मिळाली तरी फारसं बिघडत नाही, चहा थोडा अगोड होतो इतकंच. पण हीच पाटी सरकारी दवाखान्यातल्या गर्भनिरोधकांच्या कपाटाला लागली तर? त्याची किंमत एखाद्या बाईला कधीकधी आयुष्यभर मोजावी लागते.

तीन महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं पाहू. आफ्रिकेतल्या अनेक देशांत बायकांची पसंती याला आहे. रोज गोळीची आठवण ठेवायला नको, घरात पाकीट लपवायला नको. ठरलेल्या दिवशी दवाखाना गाठला की झालं. त्यासाठी ती बाई एका दिवसाची मजुरी बुडवते, तान्ह्याला पाठीला बांधते आणि चालत किंवा भाडं भरून तिथे पोचते. नर्सबाई म्हणतात, “संपलंय. पुढच्या महिन्यात बघा.” जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे हे इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेतलं तरी चालतं. पण पुढच्या महिन्यात तरी ते आलेलं असेल याची हमी कोण देणार? शिवाय दुसऱ्यांदा मजुरी बुडवणं प्रत्येकीला जमतंच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गरीब देश आहेत, पैसे नसतील, म्हणून माल नसेल. आपल्याकडे म्हणच आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल या देशाची हकिगत ऐकलीत तर ही म्हण उलटी करावी लागेल.

डाकार ही सेनेगलची राजधानी. सरकारचं मध्यवर्ती औषध भांडार तिथेच आहे. २०११ च्या सुमारास या भांडारात माल असायचा, आणि तिथून काही किलोमीटरवरच्या पिकिनसारख्या उपनगरातल्या दवाखान्यांची कपाटं रिकामी असायची. म्हणजे आडात पाणी होतं, पोहराच फुटका होता.

हे कसं व्हायचं? तिथे दवाखान्याने रुग्णांकडून औषधाची थोडी किंमत घ्यायची आणि त्याच पैशातून पुढचा माल आणायचा, अशी पद्धत होती. माल आणायला दवाखान्यातलंच कोणीतरी जिल्ह्याच्या भांडारात जायचं, जिल्ह्याने विभागाकडे जायचं, विभागाने राजधानीकडे. या साखळीतली एक कडी निसटली की सगळं थांबलं. दवाखान्याच्या गल्ल्यात त्या महिन्यात पैसे कमी असले, किंवा ते मलेरियाच्या औषधांवर खर्च झाले, की गर्भनिरोधकं मागे राहायची. आणायला जायचं कोणी? ज्या नर्सबाईंनी रुग्ण तपासायचे त्यांनीच. त्या गेल्या की दवाखाना बंद.

यात आणखी एक गोम आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढच्या वेळी किती माल मागवायचा, हे मागच्या खपावरून ठरतं. समजा, एका दवाखान्यात महिन्याला चाळीस इंजेक्शनं लागतात. एका महिन्यात माल पंधरवड्यातच संपला आणि वीसच दिली गेली. रजिस्टरात खप लिहिला जातो वीस. ज्या वीस बायका रिकाम्या हाताने परत गेल्या, त्यांच्यासाठी रजिस्टरात रकानाच नसतो. पुढची मागणी मग विसाच्या हिशेबाने जाते आणि माल आणखी लवकर संपतो. कागद सांगतो की मागणी कमी झाली. खरं तर बायका दाराशी येऊन परत गेलेल्या असतात.

सेनेगलने यावर जो उपाय केला तो आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. आपला कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार पाव-बिस्किटं आणायला कारखान्यात जातो का? कंपनीचा टेम्पो दारात येतो. माणूस उतरतो, मागच्या खेपेचे किती उरले ते मोजतो, कमी पडलेले भरतो आणि खपलेल्या मालाचेच पैसे नेतो. २०१२ मध्ये पिकिनच्या दवाखान्यांत नेमकं हेच सुरू झालं. गाडी ठरल्या दिवशी येऊ लागली. गाडीबरोबरचा माणूस साठा मोजायचा, सरासरी खपाचा हिशेब मांडायचा आणि कपाट भरून जायचा. दवाखान्याने पैसे द्यायचे ते फक्त वापरल्या गेलेल्या मालाचे. आधी पैसे आणि मग माल, हा क्रमच उलटा झाला.

प्रयोगात १४ सरकारी दवाखाने होते. सहा महिन्यांत तिथे गोळ्या, इंजेक्शनं, दंडात बसवायच्या कांड्या आणि तांबी यांपैकी काहीही संपलं नाही. मग सरकारने ही पद्धत डाकार विभागातल्या सगळ्या १४० सरकारी दवाखान्यांत नेली. आणखी सहा महिन्यांनी माल संपल्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली आलं होतं. पुढे ती देशभर पसरली आणि सरकारच्या औषध भांडाराने ती आपल्याकडे घेतली. तिथल्या वोलोफ भाषेत तिला नाव मिळालं ‘येक्सि ना’, म्हणजे ‘मी पोचलो’. झिम्बाब्वेतही असाच गाडीचा प्रयोग सेनेगलच्या कितीतरी आधी झाला होता.

२०१०-११ च्या पाहणीत सेनेगलमधल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्के आधुनिक गर्भनिरोधकं वापरत होत्या. २०१७ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास गेलं. हे सगळं श्रेय गाडीचं नाही. प्रचार झाला, नर्सना शिक्षण मिळालं, काही धर्मगुरूंनीही साथ दिली. पण कपाट रिकामं असतं तर या प्रचाराचा उपयोग काय झाला असता?

कपाट भरलेलं असणं म्हणजे काय, हेही पाहायला हवं. निरोध आहे पण गोळ्या नाहीत, अशा दवाखान्यात माल आहे असं म्हणता येईल का? एकीला गोळी सोसत नाही, दुसरीचा नवरा निरोध वापरायला तयार नसतो. प्रत्येकीची गरज निराळी. दंडातली कांडी आली, पण ती बसवायची सुई, भूल द्यायचं औषध किंवा हातमोजे आले नाहीत, तर कांडी असून नसल्यासारखीच.

कधी मात्र आडच आटतो. गरीब देशांच्या कुटुंबनियोजनाला सर्वांत मोठी मदत अमेरिकेची असे. २०२५ मध्ये ती मदत आटली. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी एक बातमी आली. मुख्यतः आफ्रिकी देशांसाठी घेतलेला सुमारे ९७ लाख डॉलर किमतीचा साठा बेल्जियममधल्या गोदामात अडकला होता आणि तो जाळून टाकण्याचा अमेरिकी सरकारचा विचार होता. हा माल वापरायची मुदत संपलेली नव्हती. काही संस्थांनी तो आपल्या खर्चाने पोचवण्याची तयारी दाखवली, तीही मान्य झाली नाही. ज्या देशाचं कपाट दुसऱ्याच्या मर्जीवर भरतं, त्याची ही अशी अवस्था होते. म्हणून स्वतःच्या अंदाजपत्रकात यासाठी थोडा का होईना पैसा ठेवावा, हा धडा आता अनेक देश घेत आहेत.

या विषयाशी आपलाही संबंध आहे. आफ्रिकेत जाणाऱ्या कितीतरी गोळ्या आणि तांबी भारतीय कारखान्यांत बनतात. आपल्याकडे २०११ मध्ये सतरा राज्यांतल्या २३३ जिल्ह्यांत आशाताईंनी निरोध आणि गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली. गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया, तीन निरोधांनाही एकच रुपया. विचार तोच, बाईने मालापर्यंत जाण्यापेक्षा मालाने बाईपर्यंत यावं. पण आशाताईंची पिशवी भरायची कोणी आणि कधी, हा प्रश्न इथेही उरतोच.

आरोग्याच्या योजनांची चर्चा होते तेव्हा आपण डॉक्टर किती, इमारती किती, हे विचारतो. गाडी महिन्यातून किती वेळा येते, हेही विचारायला हवं. आणि उपकेंद्रातून कोणी रिकाम्या हाताने परत गेलं, तर त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. ती नोंद नसेल, तर ती बाई परत गेली हे वरच्या कचेरीला कधी कळणारच नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)