‘वाचणे’ आणि ‘वाचत’

उन्हाळ्यात नांगरणे, मृगात पेरणे, श्रावणात निंदणे आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणे, असा जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या शिवारात कामांचा क्रम असतो. मुलांनो, या वाक्यातील शब्द नीट पाहा. ‘नांगर’ हे वस्तूचे नाव आहे, ‘बैल’ हे प्राण्याचे. मग ‘नांगरणे’ हे कशाचे नाव? ते क्रियेचे नाव होय. ‘नांगर’ या धातूला ‘णे’ हा प्रत्यय लागून ते तयार झाले. अशा शब्दास ‘धातुसाधित नाम’ म्हणतात. इंग्रजीत हेच काम ‘इंग’ या प्रत्ययाने होते आणि त्या शब्दास ‘जेरंड’ असे नाव आहे.

क्रियेला नाव मिळाले, की ती नामाची कामे करू लागते. ‘पोहणे हा उत्तम व्यायाम आहे’ (‘स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज’) या वाक्यात ‘पोहणे’ हा कर्ता आहे. ‘त्याने धावणे थांबवले’ (‘ही स्टॉप्ड रनिंग’) येथे ‘धावणे’ हे कर्म आहे. ‘वाचण्याची आवड’ म्हणताना ‘णे’चे ‘ण्या’ होऊन त्यास षष्ठीचा प्रत्यय लागतो. इंग्रजीत त्याच जागी ‘फॉण्ड ऑफ रीडिंग’ असे शब्दयोगी शब्द आधी ठेवून म्हणतात.

तरी हे नाम आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. त्याला स्वतःचे कर्म असू शकते. ‘आंबे उतरवणे अवघड असते’ या वाक्यात आंबे अनेक आहेत, परंतु क्रियापद एकवचनी आहे. कारण अवघड आहे ते उतरवणे, आंबे नव्हेत. म्हणून इंग्रजीतही ‘प्लकिंग मँगोज इज डिफिकल्ट’ असेच लिहावे. ‘मँगोज’ पाहून ‘आर’ लिहिल्यास वाक्य चुकते.

येथवर वाट सरळ आहे. खरी अडचण पुढेच आहे; कारण ‘इंग’ लागलेला प्रत्येक शब्द जेरंड नसतो. ही तीन उदाहरणे पाहा.

‘सीता फिनिश्ड रीडिंग’ म्हणजे सीतेने वाचणे संपवले.
‘सीता इज रीडिंग’ म्हणजे सीता वाचत आहे.
‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहते पाणी.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘इंग’च आहे. मराठीत मात्र प्रत्येक कामाला निराळा प्रत्यय आहे: नामाला ‘णे’, चालू क्रियेला ‘त’ आणि विशेषणाला ‘ता, ती, ते’. तेव्हा ‘इंग’ लागलेला शब्द भेटला, की त्या वाक्याचा अर्थ मनात मराठीत मांडावा. ‘णे’ आले, तर तो बहुधा जेरंड आहे असे समजावे. मात्र ही कसोटी ‘इंग’च्याच शब्दाला लावावी, कारण ‘टू रीड’ याचाही अर्थ कधी ‘वाचणे’ असाच होतो. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांसारख्या क्रियापदांपुढे कर्म म्हणून क्रियेचे नाव ठेवावयाचे असेल, तर ‘टू’ न घेता ‘इंग’चेच रूप वापरावे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते रचताना त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची पद्धत होती. इंग्रजीच्या साह्याने त्यांनी मराठीचे नियम मांडले. त्याच वाटेने उलट चालून आपल्याला मराठीच्या साह्याने इंग्रजीचे नियम समजून घेता येतात. इंग्रजीच्या भीतीने पुष्कळ मुले नियम केवळ पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. परंतु ‘वाचणे’ आणि ‘वाचत’ यांतील भेद त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तो ती घरीच बोलता बोलता शिकलेली असतात. परक्या भाषेच्या दाराशी उभे असताना आपल्या भाषेची ही किल्ली आपल्याजवळ आहे, हे विसरू नये.