चार सूत आणि एम-बारा

परळ-लालबागच्या जुन्या फिटरला बोल्ट हवा असला की तो ‘चार सूत’ म्हणे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच. बोल्टवरच्या मळसूत्री खाचा म्हणजे आटे. ते कोणते हवेत, हे बहुधा वेगळे सांगावे लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश धरला आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे हेही ठरवून दिले. इंग्लंडहून आलेल्या मागांबरोबर आणि इंजिनांबरोबर ते आटे गिरणगावात आणि जीआयपी रेल्वेच्या १८७९ च्या परळ कारखान्यात पोचले.

अमेरिकेने मात्र ६० अंशांचा कोन धरला. गंमत अशी की बऱ्याच जाड्यांना दोघांचे आटे सारखेच होते. फरक नेमका अर्ध्या इंचाला. व्हिटवर्थचे इंचामागे १२, अमेरिकेचे १३. नट एक-दोन फेरे सुखाने फिरतो, मग अडतो, आणि पान्याने जोर केला की आटे जातात. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना हा घोळ चांगलाच नडला. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका आट्यावर आले. आपल्याकडे १९४७ साली मानक संस्था स्थापन झाली, १९५६ मध्ये दशमान मापांचा कायदा आला. चार सुताच्या जागी एम-बारा आला: जाडी १२ मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर पावणेदोन. अर्धा इंच म्हणजे १२.७; म्हणजे हे नुसते नामांतर नव्हे.

आता गिरण्यांच्या आवारात कचेऱ्या आहेत. यंत्राचा आराखडा संगणकावर, कॅड प्रणालीत होतो. तिथे बोल्ट कोणी काढत बसत नाही, आणि बसूही नये. तयार प्रतिकृती उचलतात. सॉलिडवर्क्समध्ये ‘टूलबॉक्स’ असतो, फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडला ‘फास्टनर्स’ नावाची जोड मिळते, ट्रेसपार्ट्ससारख्या संग्रहांतून ‘स्टेप’ नमुन्यातली फाइल उतरवता येते. त्यात आटे बहुधा कोरलेले नसतात, नुसते दाखवलेले असतात. तेच बरे. हजार बोल्टांचे आटे खरोखर कोरले तर संगणक धापा टाकू लागतो.

घात होतो तो बोल्टच्या डोक्यात. एम-दहाचा षट्कोनी बोल्ट आयएसओ ४०१४ प्रमाणे घेतला तर समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर १६ मिलिमीटर. जुन्या जर्मन डीआयएन ९३१ प्रमाणे १७. आटे तेच, पाना वेगळा. एम-आठला दोन्हीकडे १३, म्हणून तिथे चूक झाली तरी कळत नाही. पडद्यावर दोन्ही प्रतिकृती सारख्याच दिसतात. संघातल्या तिघांनी तीन ठिकाणांहून बोल्ट आणले, तर सुट्या भागांच्या यादीत एकच वस्तू तीन नावांनी येते आणि खरेदीवाला तिन्ही मागवतो. म्हणून मला सामायिक संग्रह एकच असावा असे वाटते; प्रत्येक प्रतिकृतीच्या नावात मानकाचा क्रमांक, जाडी, लांबी आणि पोलादाची प्रत. ‘बोल्ट नवीन २’ हे नाव नव्हे.

अखेर ती यादी कागदावर उतरून नागदेवी स्ट्रीटवर जाते. तिथे नुसते ‘एम-दहा’ म्हटले, तर दुकानदार विचारणारच: सोळाचा पाना की सतराचा?