गावाचे नाव आणि संस्थापकाचे नाव : गाझियाबाद व माल्कम पेठ

संस्थापकाच्या नावाने वसलेले गाव त्या संस्थापकाची स्मृती जपते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. गाझियाबाद आणि महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावरील माल्कम पेठ या दोन वसाहतींची नावे एकत्र अभ्यासली असता हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

हिंडन नदीकाठचे गाझियाबाद वजीर गाझीउद्दीन याने १७४० मध्ये वसवले आणि त्यास 'गाझीउद्दीननगर' हे नाव दिले, असे परंपरा सांगते. दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट ही स्थलनामे जुन्या वस्तीच्या वेशींची खूण आजही सांगतात. मात्र 'गाझीउद्दीन' हे व्यक्तिनाम नसून निजामाच्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या चालत आलेला किताब होय. १७४० च्या सुमारास तो निजाम-उल्-मुल्काच्या थोरल्या मुलाकडे होता. पण तो वजीर नव्हता. मराठ्यांच्या साहाय्याने १७५४ मध्ये वजीर झालेला इमाद-उल्-मुल्क हा त्याचा मुलगा. १७४० मध्ये तो अवघा चार-पाच वर्षांचा होता. म्हणजे परंपरेने सांगितलेला काळ पित्याला लागू पडतो आणि पद पुत्राला. मराठी इतिहासलेखनाला हे दोघेही परिचित आहेत. पिता १७५२ मध्ये पेशव्यांच्या पाठिंब्याने दक्षिणेच्या सुभेदारीसाठी औरंगाबादेस आला आणि तेथेच मरण पावला. किताब एकच असल्याने लोकस्मृतीत दोन व्यक्तींची एक व्यक्ती झाली असावी.

नावाचे पुढील रूपांतरही लक्षणीय आहे. मूळ नावात अरबी किताबाला संस्कृत 'नगर' जोडलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, तेव्हा हे लांब नाव संक्षिप्त झाले. त्यात 'उद्दीन' गळाले, 'नगर' गेले आणि फारसी 'आबाद' आले. मोगल अमलातील नावात संस्कृत पद होते. इंग्रजी अमलात रूढ झालेल्या नावात ते उरले नाही.

माल्कम पेठेची कथा याच्या उलट आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून १८२९ मध्ये जागा मिळवून, हे आरोग्यस्थान वसवण्यात आले. येथे संस्थापक कोण, याविषयी संदिग्धता नाही. इंग्रजी व्यक्तिनामाला मराठी 'पेठ' जोडून झालेले हे नाव सरकारी दप्तरात दीर्घकाळ वावरले. परंतु काही किलोमीटरवर कृष्णेच्या उगमाचे प्राचीन क्षेत्र होते आणि त्या देवतेचे नाव लोकांच्या तोंडी आधीच रुळलेले होते. वसाहत वाढली, तसे तेच नाव तिला मिळाले; मूळ गाव 'क्षेत्र महाबळेश्वर' म्हणून वेगळे ओळखले जाऊ लागले. एका ठिकाणी व्यक्ती पुसट झाली आणि नाव टिकले. दुसऱ्या ठिकाणी व्यक्ती ज्ञात राहिली आणि नाव मागे पडले.

जानेवारी २०२४ मध्ये गाझियाबाद महानगरपालिकेने शहराचे नाव बदलण्याच्या प्रस्तावास संमती दिली. 'गजनगर', 'हरनंदीनगर' अशी नावे त्या वेळी चर्चेत होती. यांपैकी दुसरे हिंडनच्या जुन्या नावावरून सुचलेले. दोन्हींत 'नगर' हे पद परत येते, हे उल्लेखनीय. नामांतराचा निर्णय प्रशासनाच्या कक्षेतला असला, तरी नव्या नावाचे आयुष्य ठरावावर अवलंबून नसते. ते लोकांच्या तोंडी रुळते की नाही यावर अवलंबून असते, हे माल्कम पेठेच्या उदाहरणावरून दिसते.